वजा केल्यावर उरतं ते

“मग फोनवर तुझाच आवाज माघारी तुझ्या कानात का येत नाही गं?”

माईंनी विचारलं आणि देवकापसाचं बोंड फोडलं. लक्षवातीचं व्रत धरलेलं. नदीकाठच्या त्या मठात माईंचे हात रिकामे कुणी पाहिले नव्हते.

नीलांबरीला बरं वाटलं. फोनमधला आवाज स्वच्छ करण्यात तिचा हात धरणारं तिच्या कंपनीत कुणी नव्हतं, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“येतो ना, माई. आवाज म्हणजे हवेतली लाट. मी बोलते, फोन ती लाट विजेवर चढवून धाडतो. पलीकडच्या फोनच्या स्पीकरचा पडदा थरथरतो, माझा आवाज त्या खोलीत घुमतो आणि तिथल्याच माइकमधून परत निघतो. समोरच्याच्या बोलण्यात मिसळून.”

“म्हणजे खिचडीच की!”

“खिचडीच. पण त्या फोनला माहीत असतं, आत्ता आपण काय वाजवलं ते. माइकमध्ये शिरलेल्या आवाजातून तो तेवढं वजा करतो. उरतं ते समोरच्याचं.”

“नवलच बाई.” माईंनी बोंडातली सरकी काढली आणि नीलांबरीच्या ओटीत टाकली. “बरं, लेकाचं काय सांगत होतीस?”

नीलांबरीचा चेहरा उतरला. ती आली होती त्याचसाठी. महिना झाला, तन्मय तिचा फोन उचलत नव्हता. माईंनी एखादा उपास सांगावा, पारायण सांगावं. ती काहीही करायला तयार होती.

“शेवटच्या फोनवर काय म्हणाला?”

“कॉलेज सोडणार म्हणाला.”

“असं म्हणाला?”

“म्हणजे... मीच विचारलं, सोडतोयस की काय? तर गप्प. गप्प बसला म्हणजे काय समजायचं माणसानं?”

सरकी ओटीत पडली.

“आणखी?”

“म्हणाला, तुला माझ्यापेक्षा तुझं काम मोठं.”

“त्याच्या तोंडचे शब्द?”

“...नाही. मी म्हटलं, असंच वाटतं ना तुला?”

आणखी एक सरकी.

“आणि होळीला घरी येणार नाही...”

बोलता बोलता ती थांबली. ‘नको येऊस मग’ हेही तिनंच म्हटलं होतं.

माईंनी एक अख्खं बोंड तिच्या हातात ठेवलं.

“कर की वजा. तुझ्या हातचंच काम आहे.”

नीलांबरी खाली मान घालून सरकी काढत राहिली. खाली घाटावर कुणी कळशी बुडवली, भरली, निघून गेलं. हातात चिमूटभर कापूस उरला.

“‘आई, ऐक ना,’” ती हळूच म्हणाली. “एवढंच म्हणत होता. दोन-तीनदा म्हणाला...”

माईंनी तो कापूस घेतला, तळहातावर वात वळली आणि ताम्हनात ठेवली.

नीलांबरीनं डोळे पुसले. पिशवीतून फोन काढला. उठता उठता पुन्हा बसली.

“उचललाच त्यानं, तर मी काय बोलू, माई?”

माईंनी नवं बोंड फोडलं.

“ओटीतली सरकी सांडू नकोस हो. पेरायची असते ती... पण मृगाला अजून अवकाश आहे.”