दोघांची गाडी

एका गावात एक भोळा भाऊ राहत होता. नाव रंगबा. सांगितलेलं तो कधीच विसरत नसे, हीच पंचाईत होती.

त्याच्या बहिणीला, मंजुळाला, बघायला पाहुणे येणार होते. हणमंत नावाचा मुलगा. मंजुळाने त्याला जत्रेत पाहिलं होतं आणि तिला हेच स्थळ हवं होतं. आईने रंगबाला जगभर खपणाऱ्या त्या काळ्या थंड पेयाच्या बाटल्या आणायला धाडलं.

दुकानात लाड गुरुजी भेटले. म्हणाले, "रंगबा, हे पेय एका औषधवाल्याने काढलं बरं का! डोकेदुखीवर."

रंगबा घरी आला. वडील डोकं धरून बसले होते. त्याने एक बाटली फोडली, वडिलांच्या टकलावर ओतली आणि खसाखसा चोळली. घटकाभरात टकलावर मुंग्यांची रांग लागली.

"मेल्या, हे डोक्याला लावत्यात व्हय?" आई ओरडली. "पोटात घेत्यात! ते बी गार करून. पाव्हण्याला गार केल्याबिगर काय देऊ नगंस."

"बरं," रंगबा म्हणाला.

पाहुणे आले. आईने चहाचा ट्रे त्याच्या हाती दिला. रंगबाने प्रत्येक कपात बर्फाचा खडा टाकला.

हणमंताचे वडील कपात बघत म्हणाले, "पोरा, चहात हे काय?"

"गार केलाय, मामा. प्या बिनघोर."

आईने त्याला आत ओढलं. "अरं, वाफ निघाल्याबिगर पाव्हण्यांम्होरं काय आणू नगंस!"

"बरं."

मग थंड पेयाची पाळी आली. रंगबाने बाटल्या पातेल्यात घातल्या, पातेलं चुलीवर ठेवलं आणि वाफेची वाट बघत बसला. वाफ आली नाही. धडाम् झालं. बुचं आढ्याला लागली, पेय दारातून बाहेर उडालं आणि हणमंताच्या वडिलांचा पांढरा फेटा काळा झाला.

"मोडलं गं माझ्या लेकीचं लगीन!" आईने कपाळावर हात मारला. दाराआड मंजुळाचे डोळे भरून आले.

लाड गुरुजी पाहुण्यांत बसले होते. त्यांनी घाईघाईने विषय बदलला. "पाहुणे, या पेयाची कृती म्हणे तिजोरीत कुलूपबंद आहे! ते गुपित फक्त दोघांना ठाऊक. आणि ते दोघे कधी एका विमानात बसत नाहीत, असं म्हणतात. काही बरंवाईट झालं, तर गुपितच बुडायचं!"

हणमंताला हसू आवरेना. दाराआड मंजुळाही फिसकन हसली. हणमंताने ते पाहिलं आणि वडिलांच्या कानात सांगितलं, "मला हीच पाहिजे."

लग्न ठरलं.

"गुरुजींमुळं निभावलं," आई रंगबाला म्हणाली. "शाण्या माणसाचं बोलणं ध्यानात ठेवत जा जरा."

"ठेवलं."

लग्न थाटात झालं. घास भरवताना हणमंत मंजुळाच्या कानात काहीतरी बोलला आणि ती लाजली.

"काय म्हणाले गं दाजी?" रंगबाने विचारलं.

"जा की दादा! आमचं दोघांचं गुपित हाय ते. कुणाला सांगायचं नसतं."

रंगबाचा चेहराच उतरला. बाहेर फुलांनी सजवलेली एकच जीप उभी होती. दोघांसाठी एकच!

त्याने मंजुळाला जीपमध्ये बसवलं. मग हणमंताचा हात धरून त्याला मांडववाल्याच्या टेंपोपाशी नेलं.

"दाजी, तुम्ही हितं."

"आन् मंजुळा?"

"ती त्या गाडीत. दोघांनी एका गाडीत बसायचं नसतं."

यांच्याकडे अशी रीत असेल, असं समजून नवरदेव मुंडावळ्या सावरत ड्रायव्हरशेजारी बसला.

संध्याकाळी जीप हणमंताच्या दारात आली. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं. हणमंताची आई आरतीचं ताट घेऊन उभी. बँडवाल्यांनी गाल फुगवले. जीपमधून मंजुळा उतरली. तिच्यामागून पाठराखा रंगबा उतरला. मग कोणीच उतरलं नाही.

"अहो, आमचा हणमंत कुठाय?" सासूबाईंनी जीपमध्ये वाकून पाहिलं.

"टेंपोत," रंगबा म्हणाला.

"मग टेंपो कुठाय?"

"तो उलट्या अंगाला गेला. एका रस्त्यावर तरी दोघं कशाला, म्हटलं." रंगबाने छाती पुढे काढली. "घाबरू नका, मावशी. आता काही झालं तरी एक जण उरतोय!"