कावळीणबाईंची बदली

पिंपळावर पक्ष्यांची शाळा भरायची तेव्हाची गोष्ट. ज्याचं घरटं तोच त्याचा वर्ग. तपासणीला कोकिळामॅडम यायच्या. त्यांनी स्वतः कधी घरटं बांधलं नव्हतं, त्यामुळे ते कसं असावं याबद्दल त्यांची मतं अगदी पक्की होती.

सुगरणबाईंचं सुबक विणकाम पाहून मॅडमनी शेरा दिला, 'उत्तम'. कावळीणबाईंच्या वर्गात मात्र वाकड्यातिकड्या काटक्या, मधेच तारेचा तुकडा, आणि बाईच जागेवर नाहीत. थोड्या वेळाने त्या धापा टाकत आल्या.

"घार पिल्लांवर टपली होती, मॅडम. तिला नदीपर्यंत हाकलून आले."

"घारीसाठी तक्त्यात रकाना नाही," मॅडम म्हणाल्या. "शिवाय तुमचा आवाज फार कर्कश आहे."

शेरा पडला, 'असमाधानकारक'. पुढच्या वैशाखात माळावरच्या एकट्या बाभळीवर बदली.

वैशाख आला. कावळीणबाई नव्या चार अंड्यांवर बसून आदेशाची वाट पाहत होत्या. नेमकी तेव्हाच मॅडमचीही अंडं घालायची वेळ झाली. आपलं लेकरू कुणाकडे सोपवावं म्हणून त्या पिंपळभर हिंडल्या. सुगरणबाईंच्या 'उत्तम' घरट्यापुढून तर न थांबताच गेल्या. तेवढ्यात घार दिसली आणि कावळीणबाई तिच्यामागे धावल्या.

संध्याकाळी आदेश आला. शेरा कायम, बदली मात्र प्रशासकीय कारणास्तव रद्द.

कावळीणबाईंनी अंडी मोजली. पाच भरली. पाचवं जरा कडेला होतं, ते त्यांनी चोचीने पंखाखाली ओढून घेतलं.