मनोरमाबाईंची संध्याकाळ

घाटाखालच्या एका बाजारपेठेत वासुदेवशेठ शेट्ये नावाचे भांड्यांचे व्यापारी राहत. माणूस गोड बोलणारा, पण भावात पक्का. हंगामात घेतो तो गिऱ्हाईक आणि हंगाम नसताना घेतो तो व्यापारी, असं त्यांचं म्हणणं. घरात छत्री यायची दिवाळीत आणि रजई वैशाखात. मुलीच्या लग्नाचा मांडवसुद्धा त्यांनी ऐन पितृपक्षात ठरवून टाकला होता. त्या दिवसांत शुभकार्याचं नाव कोणी काढत नाही, मांडववाला माशा मारत बसलेला असतो; मग आपण सांगू तो भाव. यात गैर काही नाही. अक्कल असते ती वापरण्यासाठीच.

त्यांच्या पत्नी मनोरमाबाई. संध्याकाळ झाली की दुकानात गिऱ्हाइकांची झुंबड आणि घरात स्वयंपाकाची घाई. आयुष्यात त्यांनी संध्याकाळ कधी बसून पाहिलीच नव्हती. समोरच्या डॉक्टरीणबाई लंडनला जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "जूनमध्ये तिथं जेवणं उरकली तरी बागेत ऊन असतं हो!" ते बाईंच्या मनात बसलं ते बसलंच.

"अहो," एक दिवस त्या म्हणाल्या, "मला काशी नको, रामेश्वर नको. त्या बागेत बाकावर बसून एक लांबलचक संध्याकाळ बघायचीय."

बाईंनी जन्मात पहिल्यांदा काही मागितलं होतं. शेठ लगेच कबूल झाले.

तिकिटं काढून देणाऱ्या पाठाऱ्याकडे जूनचे भाव ऐकले मात्र, शेठचा चेहरा उतरला.

"मग डिसेंबरात जा, नाताळच्या गर्दीआधी," पाठारे म्हणाला. "विमान निम्म्यात, खोली निम्म्यात. पण शेठ, तेव्हा तिथं चारला अंधार पडतो."

"पडू दे. दिवाबत्ती त्यांचीच जळणार ना?" शेठ हसले आणि डिसेंबरचं पक्कं करून आले. जूनची ऐपत नव्हती असं नाही. सवय नव्हती.

"डिसेंबरात का हो?" बाईंनी विचारलं. "तेव्हाही संध्याकाळ मोठी असते ना?"

"अगं, शहर तेच, सूर्य तोच," शेठ म्हणाले आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

बाईंनी बाकावर बसून खायला रव्याचे लाडू केले.

लंडनमध्ये ओळखीच्या रेगेवहिनींच्या घरी स्वस्तात खोली मिळाली होती. पहिल्याच दुपारी बाईंनी कोटाच्या आत नवी पैठणी नेसली आणि वहिनींना घेऊन तिघं बागेत गेली. झाडं निष्पर्ण, गवत ओलं. बाई बाकावर ऐसपैस बसल्या, डबा उघडला, शेठच्या हातावर लाडू ठेवला, दुसरा स्वतः घेतला. तो तोंडाशी नेईपर्यंत समोरचं तळं काळं झालं.

"एवढीच?" बाईंनी विचारलं.

रेगेवहिनींना हसू आलं. "मनोरमाताई, संध्याकाळ बघायला डिसेंबरात कोण येतं? तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

"ह्यांना कुठलं माहीत असणार?" बाई चटकन म्हणाल्या. "माहीत असतं तर मला आणलं असतं का?"

भर बाजारात कोणी चोर म्हटलं असतं तरी शेठना एवढं लागलं नसतं. त्या गारठ्यात त्यांचे कान तापले. गप्प राहिले असते तर कोणालाही कधी कळलं नसतं. पण बायको आपली बाजू घेऊन बोलते आहे आणि आपण लाडू खातो आहोत, हे त्यांच्याच्यानं होईना.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "पाठाऱ्यानं सांगितलं होतं."

रेगेवहिनी उठून तळ्याकडे गेल्या.

बाईंनी आपला लाडू डब्यात परत ठेवला. "मग मला सांगायचंत. मी डिसेंबरातही हौसेनं आले असते, दिवे बघायला. तुम्ही मला संध्याकाळची आशा लावून आणलंत."

"आपण जूनमध्ये पुन्हा येऊ," शेठ पुटपुटले. "वाटेल तो भाव देऊन."

"येऊ की," बाई म्हणाल्या. "पण आता तुम्ही जून म्हणालात, तरी मी आधी डॉक्टरीणबाईंना विचारून घेईन."

रस्त्यावर नाताळची रोषणाई लखलखत होती. बाई वहिनींशी बोलत पुढे चालल्या होत्या. शेठ मागून येत होते, आणि त्यांची मान काही वर होत नव्हती.

तात्पर्य: काटकसर जरूर करावी, पण तिच्यापायी ज्याचं काही जाणार आहे त्याला आधी सांगावं, न सांगता वाचवलेला पैसा विश्वासातून वजा होतो.