गेरूची वाटी

त्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं लोटली. एका घाटाच्या पायथ्याशी धर्मशाळा होती, आणि तिला चुना दिलेली लांबलचक भिंत होती. घाट उतरून आलेल्यानं वाटेत जे पाहिलं ते गेरूनं भिंतीवर काढायचं आणि चढणाऱ्यानं ते बघूनच पाऊल उचलायचं, अशी तिथली रीत. कुठला झरा आटला, कुठं दरड सुटली, सारं भिंत सांगे.

भिंतीचा जुना राखणदार मोठा चिवट. नवखा माणूस गेरूची वाटी हातात धरून बिचकला, की हा त्याच्या शेजारी जाऊन बसे. "स्वतः पाहिलंस? कधी? किती पावलांवर?" एवढं विचारी आणि हात धरून रेघ नीट करून घेई. पुढच्या खेपेला तोच नवखा कुणाला न विचारता चांगलं काढी.

तो गेला आणि त्याचा शिष्य राखणदार झाला. शिष्याचा हात देखणा होता, पण जीभ तिखट होती. वाकडी रेघ दिसली की तो ओल्या फडक्यानं पुसून टाकी.

एकदा मीठ विकणारी एक बाई पहिल्यांदाच घाट उतरून आली. तिनं झऱ्याची खूण काढली.

"ही खूण आहे की कोंबडी नाचून गेली?" राखणदार म्हणाला. ओट्यावरचे जुने वाटसरू हसले. बाईनं मान खाली घातली, आणि तिच्यादेखतच फडकं फिरलं.

हळूहळू नवे हात वाटीत बुडेनासे झाले. जुन्यांना काढायचा कंटाळा होता, फक्त हसायचा नव्हता. भिंत मात्र आरशासारखी स्वच्छ राहिली आणि राखणदाराला तिचा भारी अभिमान वाटे.

वर्षानं ती बाई पुन्हा उतरली. त्या दिवशी घाटात तिच्याशिवाय कुणी नव्हतं. ती घाईनं म्हणाली, "दादा, वर वाट..."

"तोंडी सांगू नकोस. जे भिंतीवर नाही, ते वाटेवर नाही. येत असेल तर काढ."

तिनं वाटीत बोट बुडवलं. त्याच्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं. मग बोट पायरीच्या दगडाला पुसलं आणि डोक्यावर मीठ घेऊन निघून गेली. भिंत आज खराब झाली नाही, म्हणून राखणदाराला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याची एकुलती एक लेक माहेरपण संपवून घाटापलीकडे सासरी निघाली. तिनं भिंत नीट पाहिली. "बाबा, वाट मोकळी दिसतेय. निघू ना?"

"निघ, पोरी," तो म्हणाला.

तिसऱ्या वळणावर वाटेची कड खचलेली होती. शोधायला गेलेल्यांना दरीच्या काठावर तिचं गाठोडं तेवढं सापडलं.

ते गाठोडं मांडीवर घेऊन राखणदार पायरीवर बसला, तेव्हा त्याला दगडावरचा लाल डाग दिसला. बोटभर लांबीचा. त्यानं त्या डागावर हात ठेवला.

त्यानंतर तो रोज ताजा गेरू कालवी. उतरणाऱ्या प्रत्येकापुढे वाटी धरून म्हणे, "काढा हो काहीतरी. वाकडं चालेल, मी हात धरतो."

लोक लांबूनच हात जोडत. "आम्हाला कुठं येतंय, बाबा? तुमची भिंत उगाच खराब व्हायची."

मिठाची बाई पुन्हा कधी त्या वाटेनं आली नाही. राखणदार म्हातारा झाला, घाट ओस पडला. संध्याकाळी वाटीतला गेरू वाळून तडकलेला असे आणि तो तसाच फेकून द्यावा लागे. भिंत शेवटपर्यंत पांढरीशुभ्र राहिली.

तात्पर्य: नवख्याची वाकडी रेघ हात धरून सरळ करावी; जो ती हसून पुसतो, त्याच्या भिंतीवर गरजेच्या दिवशी एकही रेघ नसते.