कपाटावरचा पोपट

"…आणि तरीही मुलांना येत नाही, ते का?"

विश्वंभर टेकाळे सरांनी ओसरीची पायरी चढता चढता विचारलं. प्रश्नाचा पहिला भाग ते बहुधा वाटेत मोटरसायकलशी बोलून आले होते.

अनाजी गुरुजी सुपात वाल घेऊन सोलत बसले होते. वय चौऱ्याऐंशी. टेकाळ्यांना चौथीत त्यांनीच शिकवलं होतं, आणि त्याबद्दल गावात कोणी त्यांना दोष देत नसे.

"बस," गुरुजी म्हणाले. "काय येत नाही?"

"शब्दयोगी अव्यय."

"कितवीला?"

"सहावीला."

"म्हणजे वर, खाली, मागे, पुढे… तेच ना?"

"तेच."

"सहावीच्या पोरांना खाली-वर कळत नाही?"

"कळतं हो! विचारलं की सांगता येत नाही. व्याख्या पाठ आहे. चाळीस अव्ययं पाठ आहेत. तालात म्हणतात."

"टाळ्या वाजवून?"

"…हो."

"मग प्रसादाला काय असतं?"

टेकाळे हसले नाहीत. येत्या गुरुवारी त्यांचा आदर्श पाठ होता. तालुक्यातले साठ शिक्षक वर्गात मागे बसून बघणार होते आणि साहेब वहीत लिहिणार होते. पाठ रंगला तर टेकाळे तालुक्याचे मार्गदर्शक. फसला तर पुढची वीस वर्षं प्रत्येक बैठकीत चहाबरोबर त्याची आठवण निघणार. शिक्षक माणूस मुलांची नावं विसरतो, दुसऱ्या शिक्षकाची फजिती विसरत नाही.

"साहित्यात काही कमी नाही, गुरुजी. हे बघा."

त्यांनी सोबतच्या खोक्यावरचं प्लास्टिक काढलं. त्याच्या आतलं दुसरं काढलं. आतून थर्मोकोलचं घर निघालं. चार खांबांवर उभं, कौलांना तांबडा रंग, निळं दार, मागच्या भिंतीला छोटी खिडकी. सोबत अंगठ्याएवढा लाकडी पोपट.

"पोपट घरावर ठेवायचा आणि विचारायचं, कुठे आहे? मग घराखाली. मग घरामागे. जिल्ह्यात दुसरं बक्षीस आहे याला."

"पहिलं कोणाला?"

"एकानं बैलगाडी केली होती. तिची चाकं फिरत होती," टेकाळे म्हणाले. ती चाकं त्यांच्या मनात अजून फिरत असावीत.

"बरं. मग बिघडलं कुठे?"

"काल रंगीत तालीम घेतली. हेडमास्तर बसले होते. मी पोपट घराखाली ठेवला आणि विचारलं, पोपट कुठे आहे? गव्हाण्यांची कावेरी उठली."

"काय म्हणाली?"

"'कपाटावर.'"

"…आणि बाकीची?"

"बाकीचीही तेच. एका सुरात. हेडमास्तर खिडकीतून बाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नाही, मुतारी आहे."

गुरुजींचा हात वालांत थांबला.

"हे घर एरवी कुठे असतं?"

"कपाटावर. प्लास्टिकमध्ये."

"कधीपासून?"

"जूनपासून."

"पोरांनी हात लावला कधी?"

"गुरुजी, थर्मोकोल आहे हे! त्यांच्या हातात दिलं तर गुरुवारपर्यंत टिकेल का?"

"आणि काल पोपट घराखाली किती वेळ होता?"

"…अर्धं मिनिट."

गुरुजींनी पुढचा वाल सोलला.

"कावेरीचं चुकलं म्हणतोस?"

"चुकलं नाही तर काय! समोर दिसतोय पोपट!"

"हं… तहान लागली रे. आतून पाणी आण."

टेकाळे आत गेले. माठ सापडला, पेला सापडायला वेळ लागला. पाणी घेऊन बाहेर आले. घर होतं तिथेच होतं.

पोपट नव्हता.

"गुरुजी, पोपट?"

गुरुजी पाणी प्यायले. सावकाश.

"कुठे ठेवलात?"

गुरुजींनी पेला खाली ठेवला.

"वालांमध्ये आहे?"

गुरुजींनी मान हलवली. नाही.

टेकाळ्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी सुपात हात घातला. नुसते वाल.

"सतरंजीखाली?"

नाही.

"खांबामागे?… टोपीत?"

गुरुजींनी टोपी काढून दाखवली. खाली टक्कल होतं.

"माझ्या पिशवीत टाकलात का? चपलांजवळ? शेजाऱ्यांकडे दिलात?"

"शेजाऱ्यांकडे जाता आलं असतं तर पाणी तुला कशाला आणायला लावलं असतं?"

टेकाळे बाजेखाली शिरले. तिथून त्यांना एक जुना बूट, दोन सुपाऱ्या आणि भरपूर धूळ मिळाली. इस्त्रीचा सदरा मातीचा झाला. त्यांनी सतरंजी झटकली, कोनाड्यात हात घातला, पायरीच्या कडेनं तुळशीपर्यंत जाऊन आले. दहा मिनिटांत चाळिसांपैकी निम्मी अव्ययं वापरून झाली होती आणि एकही तालात नव्हतं.

शेवटी ते भिंतीला टेकून बसले.

"गुरुजी, थट्टा पुरे. गुरुवारी पाठ आहे माझा."

गुरुजींनी आणखी दोन वाल सोलले.

"दुसरा पोपट मिळायचा नाही आता."

ते उठले. रागानंच घर उचललं.

आत काहीतरी टक्‌ वाजलं.

टेकाळ्यांनी घर कानाशी धरून हलवलं. टक्‌. मागच्या खिडकीतून एक डोळा लावून पाहिलं. आत जमिनीवर पोपट आडवा पडला होता.

त्यांनी खिडकीत बोट घातलं. बोट अडकलं. घर उलटं करून हलवलं. पोपटाची शेपटी खिडकीला आडवी आली.

"दारातून काढ," गुरुजी म्हणाले.

"दार उघडत नाही."

"मग दार कशाला केलंस?"

"दिसायला. कापलं होतं, पण सारखं सुटायचं म्हणून डिंकानं पक्कं बसवलं. परीक्षक काही उघडून बघत नाहीत…"

बोलता बोलता ते थांबले.

गुरुजी वाल सोलत राहिले.

टेकाळ्यांनी निळ्या दाराकडे पाहिलं. मग गुरुजींकडे. मग परत दाराकडे. जून, जुलै, ऑगस्ट… तीन महिने या दारावर धूळ बसू दिली नव्हती.

त्यांनी अंगठा दाबला.

कर्रकन आवाज झाला. दार निघालं, सोबत अर्धी भिंत निघाली. थर्मोकोलचे पांढरे दाणे ओसरीभर उडाले, वालांत पडले, गुरुजींच्या टोपीवर बसले.

"सापडला!" टेकाळे ओरडले. पोपट मुठीत धरून ते ओसरीवर उभे होते, गुडघ्यांना माती, केसांत जळमट, आणि आवाज चौथीतला.

मग त्यांना घर दिसलं. आवाज सहावीच्या वर्गशिक्षकाचा झाला.

"गुरुजी… आता मी त्या साठ जणांपुढे काय दाखवू?"

गुरुजींनी हात पुढे केला. टेकाळ्यांनी पोपट त्यांच्या हातात दिला. गुरुजींनी तो फुंकर मारून साफ केला, टेकाळ्यांना खुणेनं खाली वाकायला लावलं, पोपट त्यांच्याच सदऱ्याच्या खिशात टाकला आणि खिशाचं बटण लावलं.

"पोपट हरवला म्हणून पोरांना सांग."