मागच्या घराचा शब्द

आमच्या कोरेवाड्याकडे येताना उजव्या हाताला जो तांबूस डोंगर दिसतो, त्याच्या कुशीत एक मोठी खोक आहे. लांबून पाहिलं तर कोणीतरी घास तोडल्यासारखी दिसते. आम्ही तिला थोरल्याची खोक म्हणतो. तिथला दगड साऱ्या डोंगरात जड. हातात घेतला की मनगट खाली जातं. तरी तिथून कोणी खडाही उचलत नाही. तुम्हीही उचलू नका. का, ते सांगतो. ही गोष्ट पाहुण्यांना माझा दादा सांगायचा. तो सावकाश सांगायचा. मला तसं जमत नाही.

फार जुन्या काळी गावात तीस घरं होती आणि तिसांचं पोट या डोंगरावर होतं. माणसं डोंगर खोदून दगड काढायची, ऐनाच्या लाकडाचा कोळसा करायची आणि मातीच्या भट्टीत दगड गाळून लोखंड काढायची. बैलांचे तांडे घेऊन व्यापारी यायचे, लोखंड न्यायचे, बदल्यात मीठ आणि कापड द्यायचे. जंगलात सगळं मिळतं, मीठ मिळत नाही. आलेलं मीठ गावाच्या बैठकीच्या जागी ओतायचं आणि त्याचे तीस वाटे करायचे. ज्याने भाता चालवला त्याला एक वाटा, आणि जे घर त्या दिवशी आजारी पडून होतं त्यालाही तेवढाच. डोंगर कोणी केला नाही, म्हणून तो सगळ्यांचा, असं जुनी माणसं म्हणत.

त्या गावात विज्जा आणि डोलू असे दोन भाऊ होते. विज्जा थोरला. डोलू धाकटा, पण भाता चालवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. भाता पायांनी दाबायचा असतो. डोलू त्यावर उभा राहिला की भट्टी दुसऱ्यांपेक्षा अर्ध्या वेळात लाल व्हायची.

गावाच्या टोकाला सुंगी नावाची विधवा राहायची. तिचा नवरा खाणीत दगडाखाली गेला होता आणि तिचाही पाय तिथेच मोडला होता. ती रोज सकाळी लंगडत खाणीत जायची आणि काठीने खाणीचं छत ठोकून पाहायची. आवाज खणखणीत आला तर माणसं आत जायची. बद्द आला तर ती नुसती मान हलवायची आणि त्या दिवशी काम बंद.

असं सांगतात की एका साली व्यापाऱ्यांना लोखंड जास्त हवं होतं. डोलू बैठकीत उभा राहिला. म्हणाला, "आता वाटा भात्यावर. ज्याचा पाय भात्याले लागला नाही, त्याले मीठ नाही."

सुंगी म्हणाली, "आन माझी काठी?"

"तुझ्या काठीतून लोखंड गळते का वो बाई? तू नाही म्हणतेस तवा आमचा दिवस बुडते. तुले तर उलट आमीच मीठ मागाले पायजे."

पोरं हसली. म्हातारी माणसंही हसली, हे सांगायला हवं. एकटा डोलू चुकला असं नाही. सात घरं वाट्यातून गेली. त्यांत कोणी आंधळा होता, कोणी तान्ह्या लेकराची आई होती. सुंगीने दुसऱ्या दिवसापासून खाणीत जाणं सोडलं.

त्या साली लोखंड दुप्पट झालं. हे खोटं नाही, दादाही ते कधी लपवायचा नाही. तेवीस घरांत तांब्याचे हंडे आले. सुंगीची दोन नातवंडं अळणी आंबील प्यायची. विज्जा आपल्या वाट्यातलं अर्धं मीठ पानात बांधून तिच्या दारात ठेवायचा. डोलू ते पाहून चिडवायचा, "दादा, तुले मीठ जास्त झालं का गा? उद्या भाता पण तिच्याच दारात नेऊन ठेव."

विज्जा म्हणायचा, "नेला असता. तिले चालवता येत नाही म्हणून नेत नाही."

मग तो दिवस आला. तांडा दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होता आणि डोलूला आणखी एक भट्टी काढायची होती. दगड अर्धाच जमला होता. तरी त्याने भट्टी पेटवली. आता, पेटलेल्या भट्टीला उपाशी ठेवता येत नाही. दगड कमी पडला की भिंत तडकते आणि आतलं सगळं वाया जातं. दगड हवा होता, आणि लगेच हवा होता.

विज्जा म्हणाला, "सुंगीबाईले बोलवा. कितीक महिने झाले, छत कोणी ठोकलं नाही."

"ती लंगडत येईस्तोवर भट्टी मरते. तुले भेव वाटत असंल तर मी जातो."

"तू भात्यावर राह्य. तुझ्यावानी भाता कोणाले जमत नाही," असं म्हणून थोरला टोपली घेऊन आत गेला.

दादा इथे थांबायचा आणि सांगायचा की डोलूला कळत नव्हतं, त्याचं वय लहान होतं. मी तसं सांगणार नाही. डोलूला कळत होतं. आपल्याला घाई असली की दुसऱ्याच्या जिवाचं कळत असूनही आपण बोलत नाही. गेल्या भादव्यात दादाच्या अंगात ताप होता आणि त्याच दिवशी डोंगर पाहायला पाहुणे आले होते. मला बाजारात मोबाइल दुरुस्त करायला जायचं होतं. मी म्हणालो, तूच जा यांच्यासोबत वर, एवढ्याशा तापाने काय होतं. तो गेला. पाचव्या दिवशी आम्ही त्याला मातीत ठेवलं.

विज्जाने दोन टोपल्या आणल्या. तिसऱ्या वेळी डोंगराची कूस खाली बसली. आवाज गावाच्या टोकापर्यंत गेला. सुंगी चुलीपाशी होती. म्हणे ती उठलीही नाही, तिला आवाजावरून कळलं होतं. आणि असंही सांगतात की तो आवाज ऐकल्यावरही डोलूच्या पायांनी भाता दाबला. कोणी म्हणतं दोनदा, कोणी म्हणतं दहादा.

त्या भट्टीचं लोखंड निघालं. पण त्यावर हातोडा पडला की ते वाळूसारखं सांडायचं. व्यापाऱ्यांनी ते घेतलं नाही. डोलूने तेच टोपलीत भरलं आणि सुंगीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"काय आणलंस?" तिने विचारलं.

"बाई, मले माफ कर."

"मी कोण माफ करणारी? ज्यानं कराचं तो दगडाखाली आहे."

डोलू तिथेच बसला. म्हणे तीन दिवस बसून होता, पाण्यालाही शिवला नाही. चौथ्या दिवशी सुंगीने त्याच्यापुढे अळणी आंबील ठेवली आणि म्हणाली, "पे. आन गावाले सांग. मीठ तर तुमी वाटालच, लाजेपायी वाटाल. मले मीठ नको. भट्टी पेटवाच्या आधी मले विचारा. मी पेटवा म्हणीन तवा पेटवा. मी मेली का माझ्यासारखं जे घर असंल त्याले विचारा."

डोलूने ते कबूल केलं. जन्मभर पुन्हा भात्यावर पाय ठेवणार नाही असं व्रत घेतलं आणि सुंगीकडून छत ठोकायला शिकला. विज्जा आतच राहिला, म्हणून थोरल्याची खोक गावाने तशीच सोडून दिली.

आता लोखंड गाळून कोणाचं पोट भरत नाही. खालच्या रस्त्याने खाणीचे ट्रक डोंगराची दुसरी बाजू भरून नेतात आणि ते कोणाच्या दाराशी थांबून विचारत नाहीत. पण दर माघात गाव एक भट्टी लावतं. आजही ती मागच्या घराच्या शब्दाशिवाय पेटत नाही. त्या साली ज्याच्या वाट्याला सगळ्यांत कमी आलं, ते मागचं घर. गाव ते एकत्र बसून ठरवतं. कोळसा भरून, दगड रचून माणसं त्या अंगणात जातात आणि गावपुजारी विचारतो, पेटवायची का? थांबा म्हटलं तर थांबतात. दोन वर्षांमागे मागच्या घरची पेंदीआजी म्हणाली होती, "अरे मेल्यांनो, चहा तरी पिऊ द्या," आणि सगळे हसत बसून राहिले होते.

यंदा मागचं घर आमचं ठरलं. मी नको म्हणालो. मी पुजाऱ्याला सांगितलं, मी डोलू आहे, सुंगी नाही. तो म्हणाला, "ते आमी नाही ठरवत गा. घर रिकामं झालं, एवढं आमाले दिसते. सांग, पेटवाची का?"

माझ्या तोंडून थांबा एवढंच निघालं. माणसं उठून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, अंगणात बसली, विचारलं, गेली. तिसऱ्या दिवशीही आली. घाई कर असं एकानेही म्हटलं नाही.

यंदा भट्टी नवव्या दिवशी पेटली.