यादीतलं पहिलं नाव

सह्यगिरी शिक्षण संस्थेचा मेल सर्व्हर लॉटरीच्या आणि बनावट नोकऱ्यांच्या पत्रांनी तुंबला, तेव्हा संस्थेच्या संगणक विभागातल्या शलाका मोहोळकरने त्यावर स्पॅम अडवणारं सॉफ्टवेअर बसवलं. सगळे खूश झाले. तीन महिन्यांनी मात्र ते थेट अध्यक्ष अण्णासाहेब नलवडे यांचीच परिपत्रकं स्पॅममध्ये टाकू लागलं.

अण्णासाहेबांनी तिला भर सभेत उभं केलं. "माझं पत्र म्हणजे कचरा? हे तुमच्या यंत्राला शिकवलं कुणी?"

"वाचणाऱ्यांनीच, साहेब. नको असलेल्या पत्रावर लोक 'स्पॅम'चं बटण दाबतात, त्यावरून ते शिकतं."

अण्णासाहेबांचा आवाज एकदम खाली आला आणि त्याचीच जास्त भीती वाटली. "कुणी कुणी दाबलं त्यांची नावं द्या. आत्ता. नाहीतर राजीनामा लिहा."

समोर बसलेल्या कितीतरी जणांच्या नोकऱ्या त्या यादीवर टांगल्या होत्या. प्राचार्य तर मानच वर करत नव्हते. शलाकाने लॅपटॉप उघडून नोंदी पाहिल्या आणि ती म्हणाली, "देते, साहेब. ज्यांनी सगळ्यात आधी दाबलं, त्यांच्यापासून वाचू?"

"वाचा!"

"पहिलं नाव आपलं आहे. प्रत्येक परिपत्रकाची एक प्रत आपल्यालाही येते. आपण ती न उघडताच सात वेळा स्पॅममध्ये टाकलीत. पुढची नावं वाचू?"

अण्णासाहेबांनी पाण्याचा पेला उचलला, पण तोंडाला लावला नाही.

"नको," ते म्हणाले. "पुढचा विषय घ्या."